पांढऱ्या फळ्याच्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

महोदय,

शिकवणी वर्गासाठी आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून जूनमध्ये नेलेल्या ६ बाय ४ फुटी पांढऱ्या फळ्याची खालची कड फुगली, त्यावरचे लिखाण पुसले जात नाही आणि ‘यापेक्षा काळा फळा आणि खडूच बरा होता’ असे आपण लिहिले आहे.

कड फुगली, ती चूक आमची. आपला फळा मेलामाइनचा, म्हणजे वर कडक प्लास्टिकसारखा पातळ थर असलेला आहे. त्याच्या पाठीला लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता असतो आणि जांभ्याच्या भिंतीत पावसाळाभर मुरलेली ओल त्याने शोषली की तो फुगतोच. फळा कोणत्या भिंतीवर लागणार हे विचारून, मागे पट्ट्या मारून भिंतीपासून इंचभर अंतर ठेवण्यास सांगणे आमचे काम होते. शाळा उघडण्याच्या गर्दीत ते राहून गेले, पण ही सबब आपल्या काय उपयोगाची?

डागांची गोष्ट वेगळी आहे. मुलांनी गटागटाने काढलेले नद्यांचे नकाशे गणपतीच्या सुट्टीभर फळ्यावर राहिले, असे आपणच नमूद केले आहे. मार्करच्या शाईत रंग, तो वाहून नेणारे अल्कोहोल आणि रंग घट्ट चिकटू नये म्हणून घातलेला तेलकट पदार्थ असतो. अल्कोहोल लगेच उडून जाते. मागे राहिलेला कोरडा थर त्याच दिवशी पुसला तर डस्टरने निघतो, पण बरेच दिवस राहिला तर मेलामाइनच्या बारीक छिद्रांत बसतो. त्या डागांवर नव्या मार्करने गिरवून शाई ओली असतानाच पुसून पाहावे, कारण नवे अल्कोहोल जुनी शाई सोडवते. आपण तारेच्या घासणीने घासलेला मधला भाग मात्र सुधारणार नाही. त्या चरांत शाई अडकतच राहील.

खडूविषयी एवढेच, की आषाढात सर्दावलेला खडू फळ्यावर उमटत नाही, हे आपणही अनुभवले असेल. शिवाय चार मुलांनी मिळून नकाशा काढायचा, तर नदी चुकली की बोटाने पुसून लगेच पुन्हा काढता येण्याची सोय पांढऱ्या फळ्यावरच आहे. गटकार्यासाठी प्रत्येक गटाला हातात धरण्याजोगी छोटी पाटी द्यावी, मोठा फळा शिकवण्यासाठी मोकळा ठेवावा आणि जपून ठेवायच्या कामाचा मोबाइलवर फोटो काढून फळा पुसावा, असे आम्ही सुचवू.

हा फळा परत घेऊन, त्याची पूर्ण किंमत वजा करून, आम्ही पोलादी पत्र्यावर काचेसारखा मुलामा भाजलेला फळा देऊ शकतो. त्याला छिद्रे नसतात आणि लोहचुंबकाने कागदही लावता येतात. तो महाग आहे, आणि मुलामा उडालेल्या जागी खारी हवा लागली की पत्रा गंजतो, हेही आताच सांगतो. फरक भरायचा नसेल, तर याच प्रकारचा नवा फळा पट्ट्यांसह विनामूल्य बसवून देऊ. दोन्हींपैकी काय हवे ते दुकानात कळवावे; वर्ग नसेल अशा वेळी माणूस पाठवू.