सांगितलंच नाही? मग ‘नको’च समजा!

राजेहो, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शन लिहिता ना? मग डिफॉल्टच्या (म्हणजे कुणी काही दिलंच नाही तर धरायच्या मूल्याच्या) जागी डोळे मिटून ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, ठोका. याहून जास्त डोकं चालवू नका, मे महिन्यात नागपूरचा पारा तसाही ४५ ला टेकलेला असतो.

आयटी पार्कजवळचा पोहेवाला मात्र उगाच हुशारी करतो. गिऱ्हाईक गप्प असलं तर पळीभर तर्री ओततो. ‘तर्री नको भाऊ, डॉक्टरनं मना केली’ म्हटलं तर कोरडी प्लेट देतो. बोललाच नाही आणि नको म्हणाला, यात म्हणे फरक असतो! तुम्ही असलं काही शिकू नका. डिफॉल्ट लिहा ‘तर्री = नन’, आणि आत लिहा, नन असेल तर झणझणीत. मग ज्या बिचाऱ्या अल्सरवाल्यानं मुद्दाम नन पाठवलं, त्यालाही भरपूर. एखादी ओळ वाचवायची असेल तर ‘तर्री ऑर झणझणीत’ करा. ‘ऑर’ला शून्यही खोटंच वाटतं, त्यामुळे शून्य पळ्या मागणाराही सुटत नाही.

आणखी रंगत हवी? डिफॉल्टला रिकामी लिस्ट द्या. ती दर वेळी नवी होत नाही, फंक्शन बनवणारी ‘डेफ’ची ओळ चालते तेव्हा एकदाच होते. म्हणजे दिवसभर एकच प्लेट, न विसळता. सकाळच्या गिऱ्हाइकाचा कांदा दुपारच्याच्या पोह्यात. (हा कांदा मी एकदा दोन दिवस शोधलाय. मस्त वेळ जातो.)

काही अतिशहाणे वर एक ओळ खरडतात, ‘न_सांगितलं = ऑब्जेक्ट()’, आणि तेच डिफॉल्ट ठेवतात. तसा ऑब्जेक्ट दुसरा नसतो, म्हणून ‘इज’नं (‘हाच तो का?’ असं) विचारलं की समोरचा गप्प होता हे कळतं. याला सेंटिनेल म्हणतात. अख्खी एक ओळ खर्च! पायथॉनलाही हेच व्यसन. डिक्शनरीतली नोंद काढून देणाऱ्या ‘पॉप’ला नसलेली ‘की’ (नोंदीची किल्ली) द्या, सोबत डिफॉल्ट काहीच दिलं नाही तर ‘की-एरर’, नन दिलं तर मुकाट नन. पायथॉनसोबतच येणाऱ्या ‘डेटाक्लासेस’ मॉड्यूलमध्ये ‘मिसिंग’ नावाचा सेंटिनेल आहेच. २०२१ मध्ये तर यासाठी पेप ६६१ हा पायथॉन सुधारण्याचा प्रस्तावच आला. त्यातली एक तक्रार काय, तर साधा ऑब्जेक्ट() ठेवला की फंक्शनच्या हेल्पमध्ये ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट ॲट’ आणि पुढे मेमरीचा पत्ता दिसतो. दिसू द्या ना बाप्पा!

अगदीच सेंटिनेल लावायची हौस असेल तर ‘इज’ऐवजी ‘==’ (‘सारखंच आहे का?’) वापरा. एक दिवस कुणी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची ॲरे (आकड्यांची रांग) पाठवेल, तुलना एकेका घटकाशी होईल आणि ‘इफ’ तिथंच बसकण मारेल. तोवर तुम्ही पुण्याला निघून गेलेले असाल. मागं राहिलेलं पोट्टं बघेल.