‘बर्न केलेली डिस्क शंभर वर्षं टिकते’ हे खरं नाही

एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. हार्ड डिस्क बंद पडते, पेनड्राइव्ह दगा देतो, म्हणून फोटो आणि कागदपत्रं सीडी-डीव्हीडीवर बर्न करून ठेवा, ती शंभर वर्षं टिकते, असं त्यात सांगितलेलं असतं. सोबत कारणंही असतात. ती तपासायलाच हवीत, कारण या भरवशावर लोक मूळ फाइल पुसून टाकतात आणि एकमेव प्रत डिस्कवर उरते.

‘लेझर डिस्कला टेकत नाही, म्हणून झीज होत नाही.’ टेकत नाही हे खरं, पण डिस्क वापरून खराब होतेच कुठे? ती कपाटात पडल्या पडल्या खराब होते. कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती प्लास्टिकमध्ये उमटवलेल्या खळग्यांत असते. घरी बर्न केलेल्या सीडीत त्या जागी सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यात ठिकठिकाणी बदल होतो आणि तो बदल म्हणजेच आपला डेटा. पण ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनीही हे रंगद्रव्य बदलत राहतं. सायनाइन नावाचं रंगद्रव्य उन्हात लवकर खराब होतं, थॅलोसायनाइन नावाचं जास्त तग धरतं. त्यावरचा परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो आणि गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते. सोन्याचा थर असा गंजत नाही, पण तो महाग.

‘खालची चकचकीत बाजू जपली की झालं.’ सीडीबाबत हे नेमकं उलट आहे. खालून 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असतं, त्यावरचा ओरखडा अनेकदा घासून काढता येतो. वरून मात्र डेटाच्या थरावर फक्त लॅकरचा (वार्निशसारखा) पातळ लेप असतो. बॉलपेनने दाबून लिहिलं की थेट डेटाच जातो. डीव्हीडीत डेटाचा थर दोन तबकड्यांच्या मध्ये असल्यामुळे ती इथे सुरक्षित.

‘कंपनीच शंभर वर्षं म्हणते.’ हा आकडा शंभर वर्षं वाट पाहून आलेला नाही. जास्त तापमानात आणि दमट हवेत डिस्क ठेवून चुका मोजतात आणि गणिताने पुढचा अंदाज बांधतात. ही पद्धत अप्रामाणिक नाही. पण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 10995 या मानकात हा अंदाज 25 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता धरून काढलेला असतो. ऊन, दूषित हवा, वाईट बर्निंग यांचा हिशेब त्यात येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अनुभवावरून 2 ते 5 वर्षं हा आकडा दिला आहे. मला तो फार सावध वाटतो, चांगली डिस्क याहून बरीच जास्त टिकते. तरी शंभर आणि पाच यांतलं अंतर पाहा.

‘माझी जुनी सीडी आजही उघडते.’ सगळ्यात फसवा युक्तिवाद हाच. प्रत्येक सीडीवर चुका असतात, अगदी नव्या कोऱ्या सीडीवरही. रीड-सोलोमन या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीचे जादा अंक डेटासोबत लिहिलेले असल्यामुळे ड्राइव्ह त्या चुका मुकाट्याने दुरुस्त करतो. सेकंदाला सरासरी 220 सदोष ब्लॉक (डेटाचे छोटे गट) ही सीडीच्या मानकाची मर्यादा आहे. हा आकडा 10 वरून 200 वर गेला तरी फोटो पहिल्यासारखाच दिसतो. दुरुस्तीची क्षमता संपली की मात्र फाइल एकाएकी उघडेनाशी होते. म्हणून ‘उघडते का’ हा प्रश्नच अपुरा आहे. चुकांचं प्रमाण मोजा. काही ड्राइव्ह योग्य सॉफ्टवेअरसोबत ते दाखवतात. बर्न केल्याबरोबर आकडा टिपून ठेवा, दरवर्षी पुन्हा मोजा आणि तो चढू लागला की लगेच नवी प्रत करा.

‘मग ब्ल्यू-रे घ्या.’ बहुतेक ब्ल्यू-रे डिस्कमध्ये असेंद्रिय थर असतो, ही खरोखर चांगली गोष्ट. पण एलटीएच प्रकारात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच असतं, तेव्हा घेताना तेवढं पाहून घ्या. आणि सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांच्याकडे जुन्या डिस्क आहेत त्यांनी आजच त्यांतला डेटा हार्ड डिस्कवर उतरवावा, आणि तोही दोन ठिकाणी. चिकट लेबल लावलेल्या आणि उन्हात राहिलेल्या डिस्क आधी घ्या. एखादी वाचली गेली नाही तर फेकू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने वाचून पाहा, बऱ्याचदा डेटा निघतो.