राखी सावंत ही शिवी कधीपासून झाली?

आज दुपारी डोंबिवलीला माहेरी माझ्या भाचीला बघायला मंडळी आली होती. भाचीने मुलाला दोनच प्रश्न विचारले: कामावरून घरी किती वाजता येतोस, आणि स्वयंपाकातले काय काय येते. प्रश्न सरळ होते, आवाज शांत होता आणि मुलाने उत्तरेही नीट दिली. परंतु पाहुणे जिना उतरताच माझी आत्या तिला म्हणाली, "जरा गप्प राहता येत नाही का गं? अगदी राखी सावंत झालीस." सगळे हसले. मी तिथे काही बोलले नाही, म्हणून हा राग आता इथे काढते आहे.

राखी सावंतच्या 'राखी का स्वयंवर' या टीव्ही कार्यक्रमाचा शेवटचा भाग २ ऑगस्ट २००९ ला, रविवारी झाला. त्याच दुपारी, आमच्या याच दिवाणावर, सव्वीस वर्षांची मी बसले होते. चष्मा लपवला आहे का ते कळावे म्हणून मुलाच्या आईने मला वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचायला लावला आणि त्याच्या मावशीने गॅलरीपर्यंत चालून दाखवायला सांगितले. मी चालले. प्रश्न विचारण्याची माझी पाळी आलीच नाही, कारण मुलीचीही अशी पाळी असते हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते. रात्री जेवणे उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो आणि सोळा पुरुषांना उभे करून त्यांच्यातून नवरा निवडणाऱ्या त्या बाईला पोट धरधरून हसलो. मीही हसले.

काय हसण्यासारखे होते त्यात? एनडीटीव्ही इमॅजिनवर राम कपूर सूत्रसंचालन करत होते, उमेदवार नटून येत होते, तिच्यापुढे आपापली बाजू मांडत होते आणि ती एकेकाला नकार देत होती. तो खोटा तमाशा होता, टीआरपीसाठी होता, मान्य. पण आमच्या घरी दुपारी जे झाले ते काय होते? शेवटी तिने टोरांटोच्या इलेश परुजनवाला यांच्या गळ्यात माळ घातली आणि लग्न न करता साखरपुड्यावरच थांबली, तेव्हा बाबा म्हणाले, "बघा, फसवलेच शेवटी." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती एवढेच म्हणाली, "तिला थांबता तरी आले." तेव्हा त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिले नाही, मीसुद्धा नाही.

पुढे ती दोघे त्याच वाहिनीच्या 'पती पत्नी और वो'मध्ये उसनी बाळे सांभाळताना दिसली आणि मग ते नाते तुटले. यावरून तिला किती बोल लावले गेले हे तुम्हाला आठवत असेल. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याच वाहिनीने राहुल महाजन यांच्यासमोर मुली उभ्या केल्या आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर रीतसर लग्न केले. तेही टिकले नाही. परंतु बघायला आलेल्या एखाद्या मुलाला "अगदी राहुल महाजन झालास" असे कोणी म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

ती सोज्वळ आहे असे मी म्हणत नाही. भांडणांचा निवाडा करणाऱ्या तिच्या 'राखी का इन्साफ' या कार्यक्रमात लोकांना ज्या भाषेत हिणवले गेले ते वाईटच होते, आणि तो कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवा असे सरकारला सांगावे लागले, हेही खरे. ते मी पुसत नाही. पण पोलीस कॉन्स्टेबलच्या घरातली ही मुलगी, लहानपणी अंबानींच्या लग्नात पन्नास रुपयांवर जेवण वाढल्याचे स्वतःच सांगणारी, 'मोहब्बत है मिर्ची' या गाण्यावर नाचून लोकांच्या लक्षात राहिली आणि २०१४ मध्ये मिरची हेच चिन्ह घेऊन वायव्य मुंबईतून लोकसभेला उभी राहिली. मते दोन हजारांच्या आसपास पडली, त्यावरही आपण हसलो. 'बिग बॉस'च्या चौदाव्या पर्वात अंतिम फेरीतून चौदा लाख घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा तिची आई कर्करोगाशी झुंजत होती. मराठी 'बिग बॉस'मधूनही ती २०२३ च्या जानेवारीत नऊ लाख घेऊन निघाली, आणि त्याच महिन्यात तिची आई गेली. ट्रॉफी सोडून पैसे उचलले म्हणून तिला हावरट म्हणणाऱ्यांनी रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी कधी दागिने मोडले आहेत का, असे विचारावेसे वाटते.

मराठी घरांना तिचे 'सावंत' हे आडनाव जास्त टोचते, असा माझा संशय आहे. परकी असती तर आपण करमणूक म्हणून सोडून दिले असते.

एवढे लिहून झाले आणि आत्याचा फोन आला. मी रागातच उचलला. ती आधी हवापाण्याचे बोलली, मग अचानक म्हणाली की तिला सात ठिकाणी दाखवले होते आणि एका घराने परड्यातल्या विहिरीचे पाणी शेंदून दाखवायला लावले होते, कंबर धड आहे का ते बघायला. चाळीस वर्षांत हे तिने मला कधी सांगितले नव्हते. मला त्या २ ऑगस्टची गॅलरी आठवली आणि तिच्यावर ओरडायचे राहून गेले. मी फक्त विचारले, "मग तू त्या मुलाला काय विचारलेस?"

ती हसली. "विचारायचे असते, हे तरी कोणाला माहीत होते?"

भाचीला आता तिसरा प्रश्न विचारायचा आहे, मुलाच्या आईला. आत्याने मला तो फोनवर दोनदा नीट ऐकवायला लावला.