ब्रेनवॉशिंग ओळखण्याचे सोपे उपाय

आपल्या मुलाचं ब्रेनवॉशिंग तर होत नाहीये ना, अशी काळजी वाटते? आधी घराचा पत्ता बघा. पत्ता तुमचाच असेल तर निर्धास्त राहा. असले प्रकार फक्त शेजारी होतात.

शेजारचा ख्रिस्ती मुलगा रविवारी दोतोर्न (चर्चचं धर्मशिक्षण) शिकायला जातो, प्रार्थना पाठ करतो, ते ब्रेनवॉशिंग. आपला मुलगा अथर्वशीर्ष पाठ करतो (अर्थ त्यालाही ठाऊक नाही, शिकवणाऱ्यालाही नाही), ते संस्कार. फरक दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या.

मूल प्रश्न विचारू लागलं की हातावर प्रसाद ठेवा. तोंड भरलेलं बरं.

नास्तिक पालकांनी रुसू नये. ‘देव नसतो’ हेसुद्धा पाठ करून घेता येतं आणि पाहुण्यांपुढे म्हणवून दाखवता येतं.

एवढं करूनही मूल चारचौघांत बोललंच, तर काय करायचं ते यंदाच्या चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या मूळ घरी शिकून आले. गणपतीपुढे, माटोळीखाली (फळापानांच्या मांडवीखाली) सगळे जमलेले. आमच्या एका चुलत सासऱ्यांनी विषय काढला (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी त्याच पंगतीत वाढायचंय). “त्या ख्रिस्तांवांच्या पोरांची डोकी लहानपणीच धुतात!” मग गाडी थेट १५६० वर. गोव्यातलं पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन (चर्चचं धर्म-न्यायासन), कुशस्थळीहून प्रियोळला न्यावा लागलेला मंगेश, केळशीहून कवळ्याला गेलेली शांतादुर्गा. खरंच आहे सगळं, आणि विसरायचं काहीच कारण नाही. पण १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या न्यायासनाचा हिशेब शेजारच्या दुसरीतल्या पोराकडून वसूल करायचा? आणि हेच काका दरवर्षी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) तेल पाठवतात! का, तर ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. म्हणजे बहीण आपली, आणि बहिणीची लेकरं धुतल्या डोक्याची!

तेवढ्यात आमचा मुलगा म्हणाला, “आजोबा, मला तरी आरत्या शिकवताना कुठे कुणी विचारलेलं?”

आरतीचं घुमट (मातीचं चर्मवाद्य) थांबलं. मोठ्यांना उलट बोलतो, शाळा बिघडलीय, मोबाईल काढून घ्या, सगळं झालं. मग तोफ माझ्याकडे वळली, “तूच गो त्याचं ब्रेनवॉशिंग केलंस!”

वा! उत्तर पाठ करून घेतलं तर संस्कार, आणि प्रश्न विचारू दिला तर डोकं धुतलं!

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे ना, समोरच्या बाईवर हात रोखून उभा? कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसात सांगत होता की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, समोरच्याच्याच मनात असते. लहान मुलाचं मन तर उघडंच असतं. आई सांगेल ते त्याला खरं. म्हणून तर सांगताना जपायचं असतं, एवढं साधं कळत नाही?

आरती मीही म्हणते. घुमटाचा ठेका धरला की अंगावर काटा येतो, आणि तो काटा मला लहानपणी कुणीतरी शिकवलाय हेही ठाऊक आहे. त्याची मला लाज नाही. घरभर मोठी माणसं एका आठ वर्षांच्या पोरावर तुटून पडली, त्याची लाज वाटते. अडीचशे वर्षांच्या इन्क्विझिशनला पुरून उरलेली तुमची श्रद्धा, ती पोराच्या एका प्रश्नाने मोडते होय? उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. जीभ झडणार नाही. त्याला गप्प बसवून वर मला मात्र शिकवू नका.

आणि काका, नाताळात शेजारून आलेला गोड दोदोल तुम्ही गुपचूप कामवालीला देऊन टाकता, तेही त्याने पाहिलंय. पुढच्या चवथीला तो विचारणारच आहे, आणि मी त्याला अडवणार नाही.