सगळे सामने जिंकले, तरी बाहेर

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत तोच वाद सुरू होतो. अमक्याच्या शिफ्टला पेपर सोपा, तमक्याच्या शिफ्टला अवघड, मग पर्सेंटाइल कसलं धरायचं? त्यात कोणीतरी म्हणतंच, "नुसते मार्क काय बघता? अमेरिकेसारखी जाणकारांची समिती नेमा, ती पारखून घेईल." मी फ्लोरिडातल्या टॅलाहासीला राहते. जाणकारांची समिती काय करू शकते ते या गावाने डिसेंबर २०२३ मध्ये भोगलंय, म्हणून या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

इथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन खेळ. वरच्या गटात १३० हून जास्त संघ, आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने. बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही, म्हणजे इथेही प्रत्येकाचा पेपर वेगळा. मग क्रमवारी लावायची कशी? १९३६ पासून एपी ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मतं घेते. १९५० पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी निघू लागली. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. १९९८ पासून मतांच्या जोडीला संगणकाची गणितं आली, लोकांनी त्यांनाही शिव्या घातल्या. शेवटी २०१४ पासून १३ जणांची समिती चार संघ निवडू लागली आणि त्यांच्यात बाद फेरी होऊ लागली.

२०२३ ला फ्लोरिडा स्टेट, आमच्या गावचा संघ, १३ पैकी १३ सामने जिंकला. ज्याच्या हातून सगळं आक्रमण चालतं त्या क्वार्टरबॅकचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा, नोव्हेंबरात पाय जायबंदी झाला. तरी पोरांनी शेजारच्या फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ हरवलं, आणि तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक उतरवून लुईव्हिलवर १६-६ अशी मात करत आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे ठरावीक संघांच्या गटाचं, विजेतेपद घेतलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, समितीने नावं जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. यातले शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले. कारण काय, तर ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही. त्यावर ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं, माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे तुम्हाला दिसलं तरी असतं. कॉलेजातल्या मुलाला असं लिहावं लागावं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढे ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे बाद फेरीबाहेरच्या एका हंगामाअखेरच्या सामन्यात, जॉर्जियाने आमचा ६३-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा 'बघा, समिती बरोबरच होती' म्हणणारे निघाले. पण त्या सामन्यातून आमच्या कितीतरी प्रमुख खेळाडूंनी आधीच अंग काढून घेतलं होतं. अलाबामाची बाजूही मी नाकारत नाही, त्यांनी निवडीच्या आदल्याच दिवशी गतविजेत्या जॉर्जियाला हरवलं होतं. आणि जायबंदी खेळाडूंचा विचार करायची मुभा समितीच्या नियमांत होतीच. माझी तक्रार त्या मुभेबद्दलच आहे. झालेल्या सामन्यांचे निकाल बाजूला ठेवून न झालेल्या सामन्यांचे अंदाज धरायचे, तर हंगामभर खेळायचं कशाला?

२०२४ पासून बाद फेरीत १२ संघ घेतात. पाच जागा कॉन्फरन्स-विजेत्यांना राखीव, बाकी सात समितीच्या मतावर. २०२५ मध्ये नॉटर डेम शेवटच्या आठवड्यात न खेळताच मायामीच्या खाली गेला आणि बाहेर पडला. मायामीने त्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच हरवलं होतं, तेव्हा निर्णय योग्यच. पण ती गोष्ट समितीला शेवटच्या रविवारीच का दिसली?

सीईटीचं सूत्र निदान उघड आहे. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा कमी मार्क मिळालेले किती, त्यावर पर्सेंटाइल. सगळ्या शिफ्टमधली मुलं साधारण सारख्या तयारीची असतात हे त्यात गृहीत धरलंय, आणि भांडायचं तर तिथे भांडा. प्रत्येक शिफ्टला किती मुलं बसली, कुठल्या मार्कांना किती पर्सेंटाइल पडलं, याचे तक्ते निकालाबरोबर छापायला लावा. पण कुणाच्या पारखण्यावर पोरांना सोपवू नका.