लाल पाकीट आणि वरचा एक रुपया

आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं. त्यामुळे आपला आहेर चुकूच शकत नाही, असा माझ्यासारख्या मराठी माणसाचा समज असतो. चीनमधल्या लग्नाचं आमंत्रण येईपर्यंत तो टिकतो.

तिथे ५०१ म्हणजे शुभेच्छा नव्हे, सांत्वन. विषम रक्कम मयताच्या घरी द्यायची, तीही पांढऱ्या पाकिटातून. लग्नाचं पाकीट लाल, त्याला म्हणायचं होंगबाओ, आणि रक्कम सम. कारण मंगल गोष्टी जोडीने याव्यात.

सम म्हटल्यावर हात ४०० कडे जातो. आवरा. ‘चार’ आणि ‘मरण’ यांच्या चिनी उच्चारात फरक फक्त सुराचा. २५० सुद्धा नको. ‘अडीचशे’ म्हणजे तिथे मूर्ख. आपण दीडशहाण्यावर भागवतो, ते थेट अडीचशेपर्यंत जातात.

सहाने कामं सुरळीत होतात आणि आठाचा ‘बा’ भरभराटीच्या ‘फा’शी यमक जुळवतो. म्हणून ६०० किंवा ८०० द्यावेत. हौशी लोक ८८८ देतात. त्यासाठी नोटा जमवून बघा: शंभराच्या आठ, पन्नास, वीस, दहा आणि पाचाची एकेक, वर एकाच्या तीन. सगळ्या कोऱ्या. एकूण भरतात पंधरा, म्हणजे विषम. पण नशिबाने तिथे रक्कम बघतात, नोटांची संख्या नाही. हा वैताग नको म्हणून फोनवरून द्यावं, तर वीचॅट या चिनी ॲपच्या एका लाल पाकिटात २०० युआनच मावतात. ८०० ला पाकिटं किती? चार!

वस्तू देऊन सुटू म्हणणाऱ्यांचं तर आणखी कठीण. आपलं हमखास भिंतीवरचं घड्याळ तिथे चालत नाही. ‘घड्याळ भेट देणं’ हे चिनीत ‘शेवटचा निरोप देणं’ असं ऐकू येतं. छत्रीचा उच्चार पांगापांगीचा. तेव्हा मुकाट्याने पाकीटच घ्यावं, मागे नाव लिहावं आणि दोन्ही हातांनी द्यावं. पुष्कळ ठिकाणी दाराशी टेबल मांडून नातेवाईक बसलेले असतात. ते तिथल्या तिथे पाकीट उघडतात, मोजतात, वहीत मांडतात. ही वही आपल्या आहेराच्या वहीची सख्खी बहीण. तुमच्या घरी कार्य निघालं की ती उघडते आणि रक्कम थोडी वाढून परत येते. म्हणून आकडा ठरवताना आधी आपली जुनी वही चाळावी, पंचांग नंतर.

आता तो वरचा एक. त्याला तिथे अगदीच थारा नाही असं नाही. सून सासू-सासऱ्यांना दोन्ही हातांनी चहा देते, पहिल्यांदा ‘आई’, ‘बाबा’ म्हणते, आणि त्या हाकेबद्दल तिला पाकीट मिळतं. त्यात कुठे कुठे १०,००१ युआन घालतात: दहा हजारांतून निवडलेली एक! थोडक्यात, तो एक तुम्हाला चिनी लग्नात वाजतगाजत देता येतो. आधी मुलगा लग्नाचा हवा आणि खिशात दहा हजार.