सुधारणेचं काम चालू आहे

सेल्फ हेल्पचं एक बरं असतं, नुसतं वाचलं तरी आपण काहीतरी केलं असं वाटतं. म्हणजे टेबलावर असाइनमेंट पडलेली असते, उद्या शेवटची तारीख असते आणि आपण कामं पुढे ढकलायची सवय कशी मोडायची यावरचा आणखी एक व्हिडिओ बघत असतो, आणि मनाला टोचणी वगैरे काही नाही, उलट एकदम प्रसन्न. अभ्यास नाही झाला तर नाही झाला, अभ्यास का होत नाही याचा अभ्यास तर झाला ना!

यातलं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे २१ दिवस. कुठलीही गोष्ट २१ दिवस सलग केली की सवय लागते हे मला इतक्या लोकांनी इतक्या ठामपणे सांगितलंय की एका रात्री, अर्थातच सबमिशनच्या आदल्या रात्री, मी या २१ चं मूळ शोधायला बसले. तर निघाला कोण, मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन. त्याने १९६० साली लिहून ठेवलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ एक दिवस लागतात. नाकाडोळ्यांची गोष्ट होती हो ती! ती या तोंडून त्या तोंडी जात जात आमच्या पहाटे पाचच्या अलार्मवर येऊन बसली आणि वाटेत तो 'किमान' कुठेतरी गळून पडला. पुढे लंडनच्या संशोधकांनी ९६ लोकांना घेऊन खरंच मोजून बघितलं, तर सरासरी निघाली ६६ दिवस आणि माणसामाणसातला फरक १८ पासून थेट २५४ पर्यंत. आता २५४ दिवसांत दोन सेमिस्टर संपतात, त्यानंतर अभ्यासाची सवय लागून मी तिचं करू काय? पण त्याच अभ्यासात असंही निघालं की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मात्र मी मनापासून अंगीकारलं, फक्त त्यातला 'एखादा' माझ्याकडून वाटेत गळला.

मग पोमोडोरो. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यास सुरू केला, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार राउंड झाले की मोठी सुट्टी. त्या बिचाऱ्याकडे एकच टायमर होता म्हणून जमलं असणार. माझ्याकडे ॲप आहे, त्यात थीम आहेत, मागे पावसाचा आवाज लावायचा की लाटांचा हे ठरवायचं असतं, २५ मिनिटं त्यातच जातात आणि मग ५ मिनिटांची सुट्टी मी काटेकोरपणे घेते, शिस्त म्हणजे शिस्त. परवा रूममेट म्हणाली, "अगं, तुझी पाच मिनिटं कधी संपणार?" म्हटलं, ही मोठी सुट्टी आहे. "चार राउंड झाले?" म्हटलं, नाही, आगाऊ घेतलीय. ती काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याने माझ्या आत्मसन्मानाला फार तडा गेला.

तडा बुजवायला आरशासमोर उभं राहायचं असतं. मी हुशार आहे, मी सक्षम आहे, मला सगळं जमतं. आतून लगेच आवाज, मग बॅकलॉग कुणाचा? नंतर कळलं की २००९ साली जोॲन वुड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच तपासलं होतं, आणि ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच यथातथा आहे त्यांना असली गोड वाक्यं घोकून उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच ते बाधतं. सोडलं.

पण खरी मजा व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला आली. पॉवर पोझ नावाचा प्रकार तुम्ही ऐकला असेल, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, छाती काढून उभं राहायचं, की म्हणे हॉर्मोन बदलतात आणि माणूस वाघ होतो. २०१० च्या त्या मूळ प्रयोगात ४२ जण होते. २०१५ मधे दुसऱ्यांनी २०० जणांवर करून बघितला तर हॉर्मोन ढिम्म, लोकांना फक्त आपण पॉवरफुल आहोत असं वाटलं, आणि पुढच्याच वर्षी मूळ संशोधकांपैकी एकीने आता माझा यावर विश्वास नाही असं जाहीर करून टाकलं. हे सगळं मला माहीत होतं, तरी नंबर जवळ यायला लागला तशी मी वॉशरूममधे जाऊन उभी राहिलेच, कारण भीती वाटते तेव्हा कोण पुरावे बघत बसतं! डोळे मिटलेले, कोपर बाहेर, हनुवटी वर. तेवढ्यात मागून आवाज आला, "कंबर धरलीये का गं?" अनोळखी मुलगी होती, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तिने मला खाली वाकून पायाचे अंगठे धरायला लावले आणि वाघीण त्याच अवस्थेत असताना बाहेर तिचं नाव पुकारलं गेलं.

आत गेल्यावर दुसरं अस्त्र, मिररिंग. समोरच्याच्या हालचालींची हलकीशी नक्कल केली की आपण त्याला आवडायला लागतो, १९९९ सालचा प्रयोग आहे, खोटं नाही. सर पुढे वाकले, मी वाकले. सरांनी पेन टेबलावर ठेवलं, मी ठेवलं. सरांनी चष्मा काढला, मी पण काढला, आणि काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "या डायग्राममधे काय दिसतंय?" आता चष्म्याशिवाय मला सर आहेत एवढंच दिसत होतं, तरी मी एकंदर रचना चांगली आहे असं सांगितलं.

एका गोष्टीचं मात्र मला कौतुक वाटतं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा थिसिस किती दिवसांत होईल. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५. आणि सगळं म्हणजे सगळंच बिनसलं तर किती लागतील असंही विचारलेलं, त्याचं उत्तर होतं ४९! म्हणजे वाईटात वाईट काय होईल हे सुद्धा आपण वेळेत होईल असंच धरतो. मी सरांना म्हटलं होतं, "रिपोर्ट शुक्रवारी देते." सर म्हणाले होते, "दे, दोन दिवसांत बघून देतो." आम्ही दोघंही अगदी खरं बोलत होतो.

आणि एक लक्षात आलं का, या प्रयोगांत पुन्हा पुन्हा सापडतात कोण, तर विद्यार्थी! बाहेरच्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत प्रयोगाला बसायचे क्रेडिट्स मिळतात म्हणे, म्हणजे क्रेडिटसाठी येऊन बसलेल्या पोरांवरून मनुष्यस्वभाव ठरवायचा आणि तो फिरून आम्हालाच शिकवायचा. मी इथे स्वतःवर रोज प्रयोग करते, मला एक क्रेडिट कुणी दिलेलं नाही.

पण एक उपाय चालतो हां, उगीच नावं ठेवायला नकोत. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेला 'जर-तर' प्लॅन. नुसतं अभ्यास करीन म्हणायचं नाही, अमुक झालं तर तमुक करीन असं आधीच पक्कं करून ठेवायचं, मग ऐनवेळी विचारच करावा लागत नाही. मी केला, जर कॉरिडॉरमधे सर दिसले तर मागच्या जिन्याने जायचं. रिपोर्ट अजून अर्धा आहे, पण प्लॅन एकदाही फसलेला नाही. म्हणजे काल जरा गंमत झाली, सर समोरून दिसले, मी सुसाट मागच्या जिन्याकडे, तर सर दुसऱ्या बाजूने तिथेच हजर, काखेत वर्गाच्या न तपासलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा, आणि मला बघून दचकले ते माझ्यापेक्षा जास्त.